घोरणे आणि झोपेत थांबणारा श्वास

घोरण्याचा आवाज नाकातून येतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा घशातला असतो. नाकाच्या मागच्या बाजूपासून स्वरयंत्रापर्यंतचा घशाचा भाग मऊ असतो. त्याखालच्या श्वासनलिकेला कूर्चेची कडी असतात, तशी याला नसतात. जागेपणी ही वाट उघडी राहते ती भोवतालच्या स्नायूंनी तिला ताणून धरल्यामुळे. झोप लागली की स्नायू सैलावतात. जिभेचे मूळ मागे सरकते, मऊ टाळू आणि पडजीभ खाली लोंबतात, वाट अरुंद होते. तेवढीच हवा लहान वाटेतून ओढायची म्हणजे तिचा वेग वाढतो, आणि त्या वेगात टाळू, पडजीभ, घशाच्या भिंती थरथरू लागतात. अर्धवट उघड्या खिडकीचा पडदा वाऱ्याने फडफडावा तशा. हा फडफडाट म्हणजे घोरणे.

वाट किती अरुंद होईल हे बऱ्याच गोष्टींवर ठरते. उताणे झोपल्यावर जीभ स्वतःच्या वजनाने मागे पडते, म्हणून कुशीवर वळवले की घोरणे कमी होते. घराघरांतल्या रात्रीच्या कोपरखळीमागचे शास्त्र एवढेच. सर्दीने चोंदलेले किंवा पडदा वाकडा असलेले नाक, मोठे टॉन्सिल, मागे गेलेली हनुवटी, मानेभोवती साठलेली चरबी यांनी वाट मुळातच लहान होते. मद्य आणि काही झोपेच्या गोळ्या स्नायू आणखी सैल करतात. त्यामुळे एरवी न घोरणारा माणूसही एखाद्या रात्री घोरतो आणि त्याचे काही बिघडत नाही. रोजच्या रोज, भिंतीपलीकडे ऐकू जाईल असे घोरणे मात्र वेगळे. त्याचा अर्थ आपल्याकडे उलटा लावला जातो: माणूस दमूनभागून आला आहे, ढाराढूर झोपला आहे, झोपू द्या त्याला. अशा पुष्कळ माणसांची झोप त्याच घरातल्या न घोरणाऱ्या माणसाहून कितीतरी उथळ असते.

याचे कारण असे की, काही जणांची वाट नुसती अरुंद न होता पूर्ण मिटते. छाती आणि पोट श्वास घेण्यासाठी धडपडत राहतात, पण हवा आत जात नाही. आवाज बंद पडतो. बाजूच्याला वाटते, थांबला एकदाचा. दहा, वीस, कधी चाळीस सेकंदांत रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, मेंदू सावध होतो, झोप क्षणभर मोडते, घशाचे स्नायू ताणले जातात आणि मोठ्या घुरघुरीने किंवा ठसक्याने श्वास परत सुरू होतो. पुन्हा झोप, पुन्हा सैल स्नायू, पुन्हा तेच. ही झोपमोड इतकी थोडकी असते की सकाळी तिची आठवण राहत नाही. रात्रभरात दोनशे वेळा जागा झालेला माणूस शपथेवर सांगतो की आपल्याला छान झोप लागली होती, आणि तो खोटे बोलत नसतो.

या विकाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. प्रौढांमध्ये किमान दहा सेकंद श्वास जवळजवळ बंद राहिला तर तो एक अ‍ॅप्निया धरला जातो. श्वास पूर्ण न थांबता बराच उथळ झाला आणि त्याने ऑक्सिजन उतरला किंवा झोप मोडली, तर तोही मोजला जातो. ताशी अशा किती घटना झाल्या त्यावरून विकाराची तीव्रता ठरते: ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० किंवा त्याहून अधिक म्हणजे तीव्र. ताशी ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार आहे, त्यात घसा उघडाच असतो पण मेंदूकडून श्वासाची आज्ञाच सुटत नाही; हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांत किंवा अफूजन्य वेदनाशामके घेणाऱ्यांत तो दिसतो. त्याचे उपचार निराळे आहेत. येथे पुढे विचार आहे तो अडथळ्यामुळे होणाऱ्या, नेहमीच्या प्रकाराचा.

माणूस घोरत आला आहे तो हजारो वर्षे, पण वैद्यकाने या विकाराची नोंद घेतली ती फार उशिरा. चार्ल्स डिकन्सने १८३६-३७ मध्ये लिहिलेल्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये उभ्या उभ्या झोपणारा, घोरणारा एक लठ्ठ पोरगा आहे; १९५६ साली अमेरिकन डॉक्टरांनी लठ्ठपणा, दिवसाची झोप आणि मंद श्वसन असलेल्या रुग्णाचे वर्णन केले तेव्हा त्या कादंबरीचेच नाव आजाराला दिले. झोपेत घसा मिटतो हे १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी रात्रभर नोंदी घेऊन स्वतंत्रपणे दाखवले. तोवर दिवसा पेंगणाऱ्या लठ्ठ माणसाला आळशी म्हणून मोकळे होण्याची सोय सगळ्यांनाच होती. ती सोय अजूनही पुरती गेलेली नाही.

हा विकार किती जणांना असतो? भारतातला याविषयीचा पहिला मोठा अभ्यास महाराष्ट्रातच झाला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तो २००४ साली प्रसिद्ध केला. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या, ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांची त्यांनी चौकशी केली आणि त्यांतल्या काहींची झोप त्यांच्या घरीच तपासली. २६ टक्के पुरुष नेहमी घोरणारे निघाले. १९.५ टक्क्यांच्या श्वासात झोपेत मोजण्याजोगा बिघाड होता, आणि त्याबरोबर दिवसाही झोप येणारे ७.५ टक्के होते. ही माणसे आजारी म्हणून आलेली नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अलीकडे, २०२३ मध्ये, दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी देशभरातले अभ्यास एकत्र करून अंदाज मांडला की भारतात सुमारे १० कोटी ४० लाख प्रौढांना स्लीप अ‍ॅप्निया असावा.

जाड माणसाचा आजार ही त्याची ओळख निम्मीच खरी आहे. वजनाचा वाटा मोठा आहे यात शंका नाही: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वर्षानुवर्षे चाललेल्या पाहणीत वजन दहा टक्के वाढलेल्यांचे अ‍ॅप्निया सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले, दहा टक्के घटलेल्यांचे २६ टक्क्यांनी कमी झाले. पण भारतीय आणि इतर आशियाई लोकांत जबड्याची व चेहऱ्याची ठेवण, आणि कमी वजनातही पोटा-मानेवर चरबी धरण्याची प्रवृत्ती यांमुळे हा विकार पाश्चात्त्यांच्या मानाने सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही गाठतो. म्हणून वजनकाट्याइतकीच मोजपट्टी कामाची. शर्टाची कॉलर ४० सेंटिमीटरच्या वर गेली असेल तर डॉक्टर त्या माणसाच्या झोपेची चौकशी करतात.

स्त्रियांत प्रमाण पुरुषांहून कमी असते, मात्र पाळी गेल्यानंतर ते झपाट्याने वाढते. त्यांच्या तक्रारीही वेगळ्या असतात: झोप लागत नाही, सकाळी डोके दुखते, अंगात जीवच नाही, चिडचिड होते. या तक्रारी ऐकून रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, मनाला लावून घेतले असेल असे निदान होते आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. शिवाय बाईने घोरणे हे बऱ्याच घरांत लाजेचे. ती स्वतः सांगत नाही आणि नवराही डॉक्टरांपुढे काढत नाही. लहान मुलांत कारण बहुधा वाढलेले अ‍ॅडेनॉइड आणि टॉन्सिल असते. मूल तोंड उघडे टाकून झोपते, मान मागे टाकते, घामाघूम होते, मोठे झाले तरी अंथरूण ओले करते. दिवसा ते पेंगत नाही, उलट सैरभैर होते, अभ्यासात लक्ष लागत नाही, शाळेतून तक्रारी येतात. अशा मुलाला रागावण्याआधी त्याचा घसा कुणीतरी पाहिला पाहिजे. टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड काढल्यावर यांतली बरीच मुले सुधारतात.

प्रौढांमध्ये दिवसाची झोप हे ठळक लक्षण आहे, आणि ते मोजण्यासाठी मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातील डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये आठ प्रश्नांची एक पट्टी तयार केली. वाचताना, टीव्ही पाहताना, कुणाशी बोलत बसले असताना, गाडी सिग्नलला थांबली असताना डुलकी लागण्याची शक्यता किती, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज दहाच्या वर गेली तर झोप प्रमाणाबाहेर समजतात. त्यातला एक प्रश्न दुपारच्या जेवणानंतर शांत बसण्याचा आहे. एप्रिल-मेच्या मराठवाड्यात भाकरी खाऊन ज्याला दुपारी डोळा लागत नाही असा माणूस शोधावा लागेल, तेव्हा त्या एका उत्तरावरून घाबरण्याचे कारण नाही. बोलता बोलता किंवा गाडी चालवताना लागणारी डुलकी मात्र कुठल्याही हवामानात आजाराचीच शंका आणते.

छत्रपती संभाजीनगरसाठी हा मुद्दा पुस्तकी नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींत कारखाने तीन पाळ्यांत चालतात. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याची झोप तशीच तुटपुंजी. त्यात अ‍ॅप्निया असेल तर सगळा दोष पाळीवर जातो आणि विकार झाकला जातो. तो ओळखण्याची एक सोपी खूण आहे. सुटीत चार दिवस पोटभर झोपूनही थकवा आणि पेंग जात नसेल, तर दोष केवळ पाळीचा नाही. दुसरी जागा म्हणजे रस्ता. समृद्धी महामार्ग शहराला लागून सावंगी, शेंद्रा, माळीवाडा या बाजूंनी जातो. सरळ, एकसुरी रस्ता, मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. या वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटर गाडी कुणीच चालवत नाही. अपघातांच्या चर्चेत टायर, वेग आणि ‘महामार्ग संमोहन’ (एकसुरी रस्त्याने येणारी गुंगी) यांच्यावर पुष्कळ बोलले जाते; चालकाची रात्रीची झोप कशी होती, तो घोरतो का, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णांत वाहन अपघाताचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक असल्याचे अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवले आहे.

झोपेपलीकडचे परिणाम हळू उतरतात. प्रत्येक वेळी श्वास अडला की शरीर संकट आल्यासारखे वागते: अ‍ॅड्रेनलिनसारखी रसायने उसळतात, नाडी धावते, रक्तवाहिन्या आवळतात. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री उतरतो. या रुग्णांचा उतरत नाही, आणि पुढे दिवसाही चढा राहतो. तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात येत नसेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करावी, असे आता रक्तदाबाचे तज्ज्ञ सांगतात. मिटलेल्या घशाविरुद्ध छाती जोर लावते तेव्हा छातीत मोठा ऋण दाब तयार होतो, हृदयाच्या कप्प्यांवर ताण पडतो. हृदयाची लय बिघडणे, पक्षाघात, हृदय कमकुवत होणे यांच्याशी या विकाराचा संबंध पुन्हा पुन्हा आढळला आहे. इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, त्यामुळे साखर वाढते. ताणलेल्या हृदयातून लघवी वाढवणारे एक संप्रेरक सुटते, म्हणून रात्री तीन-चारदा उठावे लागते. पन्नाशीतला माणूस ते प्रोस्टेटच्या किंवा साखरेच्या खात्यावर टाकतो. सकाळचे जड डोके, कोरडे तोंड, विसराळूपणा, खिन्नता, लैंगिक इच्छा मंदावणे ही यादी लांबवता येईल.

संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत, वयाच्या ६९व्या वर्षी निधन झाले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत स्लीप अ‍ॅप्नियाचे नाव होते आणि वर्तमानपत्रांतून हा शब्द एकदम घरोघरी गेला. त्यातून झोपेत श्वास थांबतो आणि माणूस जातो, अशी भीतीही पसरली. लाहिरी यांना छातीच्या संसर्गासह इतरही आजार होते. एका रात्री श्वास अडून मृत्यू येणे हे या विकाराचे नेहमीचे रूप नाही. तो वर्षानुवर्षे हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या झिजवतो. विस्कॉन्सिनच्याच पाहणीत तीव्र अ‍ॅप्निया असलेल्यांचे मृत्यूचे प्रमाण, हा विकार नसलेल्यांच्या सुमारे तिप्पट निघाले.

रुग्णाला आपल्या आजाराचा पत्ता नसतो, साक्षीदार असतो तो शेजारी झोपणारा. एकत्र कुटुंबात ही साक्ष अवघड होते. सासऱ्यांच्या घोरण्याबद्दल सुनेने बोलायचे कसे, आणि मुलाला तर लहानपणापासून त्या आवाजाची सवय. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणे पडतात तेव्हा शेजारच्या गच्चीवरूनही तक्रार येते, तीही थट्टेतच. फोनवर केलेले दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण, शक्य तर पहाटेचे, डॉक्टरांना फार उपयोगी पडते. पहाटेचे अशासाठी की स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्या वेळी स्नायू सर्वांत सैल असतात आणि श्वासाचे खंड लांबतात. ऐकायचे ते आवाज किती मोठा यापेक्षा तो मध्येच तुटतो का, आणि तुटल्यावर दचकून सुरू होतो का.

दाखवायचे कुणाला, हा पुढचा प्रश्न. कान-नाक-घसा तज्ज्ञ, छातीविकारतज्ज्ञ किंवा थेट घरचे फिजिशियन, कुठूनही सुरुवात होते. मराठवाड्यातले रुग्ण ज्याला नुसते ‘घाटी’ म्हणतात त्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ही खाती एका आवारात आहेत, आणि शासकीय दंत महाविद्यालयही तिथेच. दंतवैद्याचे काम इथे काय, असे वाटेल. ते पुढे येईल. डॉक्टर आधी तोंड उघडायला सांगतात. जीभ बाहेर काढल्यावर पडजीभ आणि टाळू किती दिसतो याच्या चार पायऱ्या आहेत. भूल देताना नळी घालणे किती अवघड जाईल हे ओळखण्यासाठी १९८५ मध्ये अमेरिकेतले भारतीय वंशाचे भूलतज्ज्ञ शेषगिरी मल्लमपटी यांनी त्यांचे मूळ, तीन पायऱ्यांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले; चौथी पायरी नंतर जोडली गेली. घशात टाळूच दिसत नसेल तर वाट अरुंद, हे झोपेलाही लागू पडते.

निदान पक्के होते ते झोपेच्या चाचणीने. रात्री नऊ-दहाच्या सुमारास रुग्ण येतो. डोक्याला मेंदूच्या लहरींसाठी चकत्या चिकटवतात, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर आणि पायांवरही. नाकाशी बारीक नळी, छाती-पोटावर दोन पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. एवढ्या तारांत झोप कशी लागणार, असे प्रत्येक जण म्हणतो आणि बहुतेकांना लागते. अ‍ॅप्निया असलेल्यांना तर तारा लावता लावताच. सकाळी पडद्यावर रात्र उलगडते. नाकातल्या हवेची रेघ सपाट होते, त्याच वेळी छाती आणि पोटाच्या रेघा एकमेकींच्या उलट हलत असतात: छाती आत, पोट बाहेर. श्वासाची धडपड आहे आणि हवा नाही, हे त्या दोन रेघा दाखवतात. ऑक्सिजनची रेघ मात्र काही सेकंद उशिरा कोसळते, कारण फुप्फुसातले रक्त बोटापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. ती ९५ वरून ८० पर्यंत आली, की मेंदूच्या लहरी एकदम दाट होतात आणि श्वास परततो. कमी तारांची, घरी करता येणारी चाचणीही आता मिळते. ठळक लक्षणे असलेल्या रुग्णाला ती पुरते. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा दुसरा आजार असेल तर रुग्णालयातली चाचणी बरी.

मध्यम आणि तीव्र विकाराचा मुख्य उपचार सी-पॅप हे यंत्र आहे. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवर त्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. तोवर तीव्र रुग्णासाठी गळ्याला कायमचे छिद्र पाडणे हाच खात्रीचा इलाज होता. यंत्र ऑक्सिजन देत नाही. ते खोलीतलीच हवा ठरावीक दाबाने मास्कमधून नाकात सोडते आणि त्या दाबाने घशाची वाट रात्रभर उघडी राहते. परिणाम पहिल्याच रात्री दिसू शकतो. अडचण वापराची आहे: मास्क टोचतो, हवा कडेने गळते, नाक कोरडे पडते, नवरा-बायकोला संकोच वाटतो. यंत्राची किंमत हजारोंच्या घरात जाते, आणि पुष्कळ यंत्रे महिन्याभरात कपाटावर चढतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हृदयविकार किंवा पक्षाघात आधीच झालेल्या रुग्णांना यंत्र दिले, तेव्हा नव्या झटक्यांचे प्रमाण कमी झाले नाही; घोरणे, पेंग आणि मनःस्थिती सुधारली. मात्र त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच लावले होते. अर्धी रात्र मास्क काढून झोपणाऱ्याचा घसा उरलेली अर्धी रात्र मिटतोच.

बाकीचे उपाय रुग्ण पाहून निवडायचे. सौम्य किंवा मध्यम विकारात दंतवैद्य मापाचा साचा बनवून देतात. तो रात्री दातांवर बसवला की खालचा जबडा आणि त्याबरोबर जीभ पुढे राहते. ज्यांचा त्रास फक्त उताणे झोपल्यावर होतो त्यांच्या बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवण्याची जुनी युक्ती अजूनही चालते. नाकाचा वाकडा पडदा सरळ केल्याने श्वास मोकळा होतो, मास्क सुसह्य होतो, पण तेवढ्याने अ‍ॅप्निया सहसा जात नाही; शस्त्रक्रियेपूर्वी हे स्पष्ट विचारून घ्यावे. लठ्ठ रुग्णांतील मध्यम ते तीव्र विकारासाठी टिर्झेपटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. जयपूरच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये ३० रुग्णांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सहा महिने आठवड्यातून पाच दिवस शंख फुंकणाऱ्यांची पेंग आणि अ‍ॅप्निया काही प्रमाणात कमी झाले. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळतो, असा त्यामागचा तर्क. शंख घरात असेल तर फुंकायला हरकत नाही, तीव्र विकारात त्याच्या भरवशावर यंत्र मात्र बंद करू नये. घोरणे थांबवणाऱ्या नाकाच्या चिमट्यांविषयी आणि अंगठ्यांविषयी जाहिरातींपलीकडे सांगण्यासारखे फारसे नाही.

यंत्र घेतल्यावर रोजच्या काही गोष्टी ठरून जातात. मास्क दररोज पुसायचा, धुळीच्या दिवसांत हवेची गाळणी लवकर बदलायची, कोरड्या उन्हाळ्यात हवा ओलसर करणाऱ्या भांड्यात ऊर्ध्वपातित पाणी घालायचे. रात्री वीज जाणाऱ्या भागात इन्व्हर्टरची जोडणी करून घ्यावी लागते. वजन बरेच उतरले किंवा वाढले तर हवेचा दाब नव्याने ठरवावा लागतो. आणि शस्त्रक्रिया कुठलीही असो, अगदी गुडघ्याची किंवा पित्ताशयाची, भूलतज्ज्ञाला स्लीप अ‍ॅप्नियाची माहिती आधी द्यायला हवी: भूल आणि नंतरची वेदनाशामके घशाचे स्नायू सैल करतात, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही रात्री श्वास अडण्याचा धोका अधिक असतो. अशा वेळी रुग्णाने आपले यंत्र आणि मास्क रुग्णालयात सोबत न्यावेत.